चिपवरचा नंबर घासणाऱ्यांना आमचा सवाल

गेल्या जयंतीपासून आमच्या खालापूर-कर्जत पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांत एक भांडण चालू आहे. बाहेरच्या माणसाला विषय ऐकून हसू येईल. आपल्याच वस्तीतला एक तरुण बेंजो आणि गिटार वाजवणाऱ्या पोरांसाठी इफेक्टच्या पेट्या बनवतो. पेट्या चांगल्या आहेत, आम्ही त्या स्टेजवर वापरल्या आहेत. पण झाकणाचे चार स्क्रू काढले की आत काय दिसतं? चिपवरचा नंबर पॉलिश पेपरने घासून टाकलेला आणि अख्ख्या बोर्डावर अ‍ॅरल्डाइटचा थर. आयटीआयला जाणाऱ्या एका मुलीने विचारलं, "दादा, आत कुठली आयसी आहे?" उत्तर मिळालं, "मला कोणी सांगितलं नव्हतं, तुला मी का सांगू?"

या एका वाक्यावरून आमच्यात दोन तट पडले. एक तट म्हणतो, मेहनत त्याची, पोट त्याचं, त्याने लपवलं तर तुमचं काय जातं? आम्ही दुसऱ्या तटात आहोत. आमचं म्हणणं असं की यात आपलं सगळ्यांचंच काहीतरी जातं. काय जातं ते सविस्तर मांडायची वेळ आली आहे, कारण बैठकीत हा मुद्दा निघाला की कोणीतरी चहा मागवतो आणि विषय तिथेच संपतो.

ज्यांचा वाजवण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. इलेक्ट्रिक गिटारच्या किंवा बेंजोच्या तारेखाली चुंबक आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तार थरथरली की त्या गुंडाळीत अगदी क्षीण वीज तयार होते. ही वीज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाण्याआधी वाटेत एक पेटी बसवतात. पायाने खटका दाबला की ती पेटी आवाज फाडते, जाड करते किंवा त्याचे पडसाद उमटवते. फाडणारीला फझ म्हणतात, जाड करणारीला ओव्हरड्राइव्ह, पडसादवालीला डिले किंवा आपल्याकडच्या भाषेत इको. आत रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर किंवा एखाद-दुसरी चिप, आणि नऊ व्होल्टची बॅटरी. जादू वगैरे काही नाही.

पण जादू आहे असं सांगून पैसा करणारं जग मोठं आहे. जुन्या, बंद पडलेल्या पेट्या दुर्मिळ झाल्या आणि त्यांच्याभोवती एक भक्तिसंप्रदाय उभा राहिला. त्यातली सगळ्यात गाजलेली पेटी क्लॉन सेंटॉर. (नावाचा आणि आपल्या 'क्लोन' या विषयाचा संबंध नाही, पण गंमत आहे खरी.) बिल फिनेगन या अमेरिकन माणसाने ती १९९४ साली बाजारात आणली, सुमारे ८,००० नग बनवले आणि २००० चं दशक संपता संपता काम थांबवलं. आज तिचा जुना नग हजारो डॉलरला विकला जातो. वर घोडामाणसाचं चित्र असलेला सोनेरी डबा असेल तर भाव आणखी चढतो. आणि आत? आतल्या बोर्डावर काळी राळ ओतलेली, म्हणजे मांडणी कोणाला दिसू नये.

ती दिसलीच. हौशी लोकांनी राळ खरवडून काढली, एकेक भाग मोजला, आराखडा काढला आणि जगाला फुकट दिला. निघालं काय? टीएल ०७२ या दोन साध्या चिपा, नऊ व्होल्टवरून जास्त व्होल्टेज तयार करणारी एक चिप, दोन जर्मेनियम डायोड आणि बाकी किरकोळ भाग. मांडणी हुशारीची आहे, ते नाकारायचं कारण नाही. स्वच्छ आवाज आणि फाटलेला आवाज एकाच गोल बटणाने एकमेकांत मिसळायची युक्ती खरोखर डोकेबाज आहे. फिनेगनने एकेक पेटी स्वतःच्या देखरेखीखाली बनवली, त्या श्रमाची किंमत त्याला मिळायलाच हवी होती. पण आज हजारो डॉलर मिळतात ते जुना नग साठवून बसलेल्याला. बनवणाऱ्याच्या खिशात त्यातला एक पैसा जात नाही. खुद्द फिनेगनने २०१२ च्या सुमारास काढलेल्या नव्या पेटीवर या अवास्तव गवगव्याशी आपला संबंध नाही अशा अर्थाचं वाक्यच छापलं.

आता तोच आराखडा वापरून कोणी क्लोन बनवला, तेच भाग, तीच मूल्यं, तर आवाज जवळजवळ तोच येतो. तरीही भक्त म्हणतो, ओरिजिनलची सर नाही. का नाही? तर त्यातले डायोड 'खास' होते. नंबर जुना होता. हात वेगळा होता. भावांनो, ही भाषा ओळखीची वाटते का? काम सारखं, गुण सारखा, तरी किंमत वेगळी, कारण जन्म वेगळा. पेटीचं खानदान बघून तिची लायकी ठरवायची ही पद्धत आपल्याला गिटारवाल्यांनी शिकवायची गरज नाही. थॉर्स्टीन वेब्लेन या समाजशास्त्रज्ञाने १८९९ सालीच हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की माणसं पुष्कळदा वस्तूतला महागपणाच सौंदर्य म्हणून बघतात. आपल्याकडे या महागपणाला शुद्धतेचं सोवळंही नेसवलं जातं.

शुद्धतेचा फुगा फोडायला आमच्या वस्तीतलं भंगार पुरेसं आहे. ट्यूब स्क्रीमर ही दुसरी गाजलेली ओव्हरड्राइव्ह पेटी. आयबानेझ कंपनीने १९७० चं दशक संपताना काढली. तिच्या पोटात जी ४५५८ नंबरची चिप आहे तिच्या जुन्या नगांसाठी परदेशात लोक वेडे होतात. हाच ४५५८ आपल्याकडच्या स्वस्त होम थिएटरच्या, बास-ट्रेबलच्या बोर्डांत ठाण मांडून बसलेला असतो. जळालेला अ‍ॅम्प भंगारात टाकण्याआधी झाकण उघडून बघा. इकोचंही तसंच. पॅनासॉनिकच्या एमएन ३००५ या बंद झालेल्या चिपेवरच्या जुन्या डिले पेट्यांना सोन्याचा भाव आहे, आणि त्या चिपेचा नंबर छापलेला नकली मालही बाजारात फिरतो. पण माइकला इको देणारे जे साधे बोर्ड आपल्या कार्यक्रमांत वाजत असतात त्यांत बहुतेक वेळा पीटी २३९९ ही तैवानी चिप असते, आणि जगभरचे हौशी लोक घरगुती डिले पेडल त्याच चिपेवर बनवतात. ज्याला आपण ऑर्केस्ट्रावाल्याचा इको म्हणून नाक मुरडतो, तोच तिकडे 'हस्तनिर्मित' म्हणून विकला जातो.

आणखी एक उदाहरण सांगायलाच हवं, कारण ते उन्हाचं आहे. फझ फेस ही पेटी लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली काढली. गोल, थाळीसारखी. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. अकरा भाग! पहिल्या पेट्यांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, आणि दुर्मिळतेचा सगळा बाजार त्यांच्या नावावर चालतो. त्या जातीचा एसी १२८ हा ट्रान्झिस्टर आपल्या आजोबांच्या ट्रान्झिस्टर रेडिओत असायचा. माळ्यावर पडलेला जुना सेट उघडला तर आजही सापडतो. म्हणजे परदेशातला 'दुर्मिळ' भाग आपल्या माळ्यावर धूळ खात पडलाय. पण थांबा, तो काढून लगेच पेटी बनवू नका. जर्मेनियम उष्णतेने बिघडतो, त्यातून वीज झिरपायला लागते आणि आवाज गुदमरतो. लंडनच्या थंडीत जी पेटी गोड वाजते ती १४ एप्रिलला खोपोलीच्या रस्त्यावर दुपारी चारला खोकायला लागेल. याच पेटीच्या १९६० च्या दशकाअखेरच्या आवृत्तीत सिलिकॉनचा बीसी १०८ आला. आपल्या गल्लीत मिळणारा बीसी ५४७ त्याच कुळातला. किंमत चॉकलेटएवढी, आणि आपल्या उन्हात टिकणारा. पोटातलं गणित कळलं असेल तर दोन-तीन रेझिस्टर बदलून तो बसवता येतो. गणित कळलं नसेल तर लाखाची ओरिजिनल घेऊनही मिरवणुकीत तोंडघशी पडाल.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं. दुर्मिळ वस्तूच्या मागे धावू नका. तिचं पोट वाचायला शिका.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की ही चोरी आहे. चोरीची भाषा करणाऱ्यांनी आपल्या हातातला बेंजो एकदा बघावा. तो कुठून आला? जपानमध्ये नागोया इथे १९१२ साली मोरिता गोरो यांनी ताइशोगोतो नावाचं टंकयंत्रासारखी बटणं असलेलं तंतुवाद्य बनवलं. ते इकडे आलं, आपल्या कारागिरांनी ते उघडलं, मोजलं, आपल्या लाकडात आणि आपल्या सुरात बसवलं, आणि त्याचं बुलबुलतरंग झालं, बेंजो झाला. पुढे कोणीतरी त्यात पिकअप बसवला आणि तो चाळीतून रस्त्यावर आला. मुंबईपासून आमच्या खोपोलीपर्यंत प्रत्येक बेंजो पार्टीच्या गळ्यात लटकलेलं वाद्य हे क्लोनचा क्लोन आहे. हार्मोनियमही तशीच, युरोपातल्या पायपेटीवरून बंगालच्या कारागिरांनी हाताने भाता ओढायची पेटी केली. ही परकी आणि अशुद्ध पेटी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. बंदी घालणाऱ्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. आपल्या गायन पार्ट्यांनी मात्र त्या एकतीस वर्षांत हार्मोनियम खाली ठेवली नाही.

कायद्याचं म्हणाल तर तेही सांगतो. भारताच्या पेटंट कायद्यात, १९७० च्या, पेटंटची मुदत २० वर्षं आहे, आणि पेटंट घेणाऱ्याला आपली युक्ती जाहीर करावी लागते. समाजाला युक्ती सांग, समाज तुला काही वर्षांची मक्तेदारी देईल, असा तो सौदा आहे. राळ ओतणाऱ्याला सौदा नको असतो, त्याला कायमची मक्तेदारी हवी असते आणि बदल्यात काही द्यायचं नसतं. १९६६ किंवा १९७९ च्या मांडण्यांवर आज कोणाचं पेटंट शिल्लक असण्याचा प्रश्नच नाही. नाव आणि रूप ही मात्र वेगळी गोष्ट. २०२४ साली फिनेगनने बेहरिंगर या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला, तो मुख्यतः पेटीचं नाव, रंगरूप आणि त्यातून ग्राहकाची होणारी फसगत याबद्दल होता. पुढे त्या कंपनीला आपल्या पेटीचं नाव बदलावं लागलं. इथे आम्ही फिनेगनच्या बाजूने आहोत. आपल्या पेटीवर दुसऱ्याचं नाव छापणं ही लबाडी आहे. ज्या पोरांना आपल्या डब्यावर परदेशी कंपनीचं स्टिकर लावायची हौस आहे, त्यांनी स्वतःच्या वस्तीचं नाव लावून बघावं. चौकवरून आलेली फझ म्हटल्याने तिचा आवाज कमी होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आपल्यातल्या ज्येष्ठांकडून येतो. ते म्हणतात, बाबासाहेबांनी आपल्याला वाजंत्रीपणातून बाहेर काढलं, आणि तुम्ही एमए झालेली माणसं पुन्हा पोरांना बेंजो आणि डबडी बनवायला लावता? आम्ही हा आक्षेप झटकून टाकत नाही. गावगाड्यात हलगी वाजवणं, सनई फुंकणं हे लादलेलं काम होतं. लग्न त्यांचं, वरात त्यांची, घाम आपला, आणि जेवायला पंगतीच्या बाहेर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाचं बिल आणलं ते याच गुलामीच्या मुळावर घाव घालायला, की वतनाच्या तुकड्यापायी माणूस पिढ्यान्‌पिढ्या गावाचा वेठबिगार राहतो. आजही आमच्या पट्ट्यातल्या बेंजो पार्ट्यांतली किती पोरं आपली आहेत आणि त्यांना सुपारी देणारी मंडळं कोणाची आहेत, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

पण हेच ज्येष्ठ विसरतात की वतन सोडायची हाक आणि जलशाची ढोलकी एकाच काळात वाजत होती. भीमराव कर्डकांचा जलसा १९३० च्या दशकात गावोगाव फिरला. ढोलकी तीच होती, पण ती कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून वाजवायची हे बदललं होतं. वामनदादा कर्डकांपासून विठ्ठल उमपांपर्यंत सगळी परंपरा त्या बदललेल्या अटीवर उभी आहे. शब्द आपले झाले, चाल आपली झाली. मागे राहिला तो आवाज. आज आपल्या कार्यक्रमात स्टेजवर शाहीर आपला असतो, समोर श्रोते आपले असतात, आणि मिक्सरवर हात भाड्याने आणलेल्या माणसाचा असतो. नेमक्या कडव्याला आवाज बसतो आणि आपण 'साउंडवाले भाऊ, जरा बघा' म्हणून विनवत राहतो. लाचारी इथे आहे. पोराने सोल्डर मारण्यात ती कुठून आली? वाद्य वाजवणं, दुरुस्त करणं, बनवणं यांत हलकं काही नाही. हे हाताचं काम हलकं आणि ते डोक्याचं काम भारी, ही उतरंड ज्यांनी रचली त्यांचं म्हणणं आपल्याच ज्येष्ठांच्या तोंडून ऐकायला मिळावं याचं वाईट वाटतं.

तिसरा आक्षेप एमपीएससीवाल्यांचा. वेळ वाया घालवू नका, अभ्यास करा. अभ्यास करायलाच हवा, त्यावर वाद नाही. पण बाबासाहेबांनी १९४२ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, सरकारला जे निवेदन दिलं ते या मित्रांनी वाचावं. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या आहेत, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घेण्याची मागणी आहे. नुसत्या बीए-वकिलीने समाज उभा राहणार नाही हे त्यांना, स्वतः बॅरिस्टर असूनही, दिसत होतं. आमच्या खोपोलीच्या वीज केंद्रातून १९१५ सालापासून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. शंभर वर्षं झाली, रसायनीपासून खोपोलीपर्यंत कारखाने आले, आणि आपल्या बहुतेक घरांना अजून कारखान्याचं गेट माहीत आहे, कंट्रोल रूम माहीत नाही. आयटीआयचा 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' झालेला मुलगा कंत्राटी हेल्पर म्हणून लागतो आणि दोन वर्षांत ओमचा नियमही विसरतो, कारण तो वापरायची वेळच येत नाही. अकरा भागांची पेटी ही त्याच्यासाठी प्रयोगशाळा आहे. पुस्तकातला ट्रान्झिस्टर हाताला लागतो, चूक झाली तर दोन रुपयांचा भाग जळतो, आणि बरोबर झालं तर लगेच कानाला कळतं.

आता मूळ भांडणाकडे येतो, कारण वरचे तिन्ही आक्षेप सोपे होते. पोटाचा प्रश्न सोपा नाही.

नंबर घासणारा तो तरुण आमचा वैरी नाही. घरात कमावणारा एकटा आहे. लॅमिंग्टन रोडला जायचं तर खोपोलीहून लोकल पकडून दादरला उतरायचं, गाडी बदलून ग्रँट रोड, पाठीवर सामान, दिवस मोडतो. रात्री जागून पेटी बनवायची. आणि उद्या एखाद्या मोठ्या दुकानदाराने ती उघडून, शंभर नग करून, निम्म्या किमतीत विकली तर? त्याची ही भीती खरी आहे. गरिबाने आपलं हुनर उघडं टाकावं आणि श्रीमंताने ते उचलावं, असं आपण सांगतोय का?

त्याला आमचा पहिला सवाल, की नंबर घासून तू कोणाला अडवलंस? आठ पायांची दुहेरी ऑपअ‍ॅम्प चिप म्हटली की आठव्या पायाला प्लस, चौथ्याला मायनस किंवा ग्राउंड, पहिला आणि सातवा पाय आउटपुट. ४५५८ असो की टीएल ०७२, पाय सारखेच. मल्टिमीटर असलेला कोणताही जाणकार दहा मिनिटांत ओळखतो. फिनेगनची राळ टिकली नाही, तुझं अ‍ॅरल्डाइट किती टिकणार? मोठ्या दुकानदाराकडे जाणकार माणूस आहे, हीट गन आहे, वेळ आहे. तो अडत नाहीच. अडते ती आयटीआयची मुलगी. तुझ्या पॉलिश पेपरने बरोबर तेवढ्याच माणसांना बाहेर ठेवलं, ज्यांना आधीच सगळ्यांनी बाहेर ठेवलं आहे.

दुसरा सवाल. "मला कोणी सांगितलं नव्हतं" हे खरं आहे का? तुझ्या ओव्हरड्राइव्हची बटणं आणि तिचा नाकातून आल्यासारखा मधला सूर ऐकला की ओळखू येतं, ती त्याच जपानी हिरव्या पेटीची बहीण आहे. तिचा आराखडा कित्येक वर्षं जगभर उघडा पडलेला आहे. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी माणसाने रात्र जागून तो काढला आणि तुझी जात, तुझा देश, तुझी भाषा न विचारता तुला दिला. तुला हजार लोकांनी सांगितलं होतं, रे. तू फक्त पुढे सांगायचं बंद केलंस.

आणि तिसरं, जे आम्हाला सगळ्यात जास्त खुपतं. हुनर घरात कोंडून ठेवायचं, बाहेरच्याला हात लावू द्यायचा नाही, फार तर भाच्या-पुतण्याला शिकवायचं. ही रीत कुठली? असंच हुनर दोन पिढ्या घरात राहिलं की त्याची जात होते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिलं की जात श्रमाबरोबर श्रमिकांचीही वाटणी करते आणि त्यांना एकमेकांच्या डोक्यावर उभं करते. आपण ती भिंत ज्या हातांनी पाडायची, त्याच हातांनी बोर्डावर राळ ओतून नवी उभी करणार आहोत का? ज्यांना शतकानुशतकं ऐकूही दिलं नाही, त्यांनी दुसऱ्याला न सांगण्याचा हक्क मागावा, हे आम्हाला मान्य नाही.

मग पोटाचं काय? त्याचं उत्तर पेटीच्या झाकणाबाहेर आहे. गिऱ्हाईक तुझ्याकडे चिपेसाठी येत नाही, चिप त्यालाही मिळते. तो येतो कारण तू सोल्डर स्वच्छ मारतोस, पेटी मिरवणुकीत आपटली तरी चालते, आणि बंद पडली तर तू रात्री दहाला फोन उचलतोस. त्याचे पैसे चोख घे, कमी घेऊ नकोस. आपल्या माणसाकडून फुकट काम करून घ्यायची चळवळीतली घाण सवय आम्हालाही माहीत आहे, आणि 'समाजाचं काम आहे' म्हणून तुझे पैसे बुडवणारे कार्यकर्तेच तुला नंबर घासायला शिकवतात, हे त्यांना तोंडावर सांगायची आमची तयारी आहे. शिकवण्याचेही पैसे घे. विहाराच्या वर्गणीतून डीजेच्या भिंतीला पैसे निघतात तर शिकवणाऱ्याच्या मानधनालाही निघतील.

आमच्या बाजूने ठरलं आहे ते असं. विहारात पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक टेबल असेल, त्यावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड. रविवारी दुपारी बसायचं. मुलींसाठी वेगळी वेळ वगैरे नाही, त्याच टेबलावर, आणि 'तू वही लिही, मी सोल्डर मारतो' असली वाटणी चालणार नाही. काम फक्त नऊ व्होल्टवर, मेन्सच्या अ‍ॅम्पचं झाकण जाणकार सोबत असल्याशिवाय उघडायचं नाही, कारण प्लग काढला तरी मोठे कपॅसिटर झटका देतात. खिडकी उघडी ठेवायची, सोल्डरचा धूर छातीत घ्यायचा नाही, हात धुतल्याशिवाय वडापाव खायचा नाही. पेडलच्या अ‍ॅडॉप्टरला बहुधा मधली पिन मायनस असते आणि आपल्याकडचे साधे अ‍ॅडॉप्टर बहुतेक उलटे, म्हणून प्रत्येक पेटीत पहिल्याच टप्प्यावर ४००७ चा डायोड उलट्या जोडणीपासून बचाव म्हणून घालायचा. आणि प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिचा आराखडा मराठीत, कागदावर काढून, चिकटवायचा. कोणाचा आराखडा घेतला, आपण काय बदललं, हेही त्यावर लिहायचं.

मराठीत, यावर आमचा जोर आहे. आज हे सगळं ज्ञान फुकट आहे असं म्हणतात, पण ते इंग्रजीत फुकट आहे. मोहपाड्याच्या शाळेतून निघालेल्या पोरासाठी इंग्रजी हीसुद्धा एक राळच आहे, आणि ती खरवडायचं काम आपल्यातल्या शिकलेल्यांचं आहे.

त्या तरुणालाही या टेबलावर शिकवायला बोलावलं आहे, मानधन ठरवून. तो म्हणाला, विचार करून सांगतो. त्याचं उत्तर काहीही येवो, टेबल चालू राहील.

पुढच्या लेखात फझचा आराखडा देतो. तोवर दोन बीसी ५४७, एक छोटा ब्रेडबोर्ड आणि नऊ व्होल्टची बॅटरी आणून ठेवा. बेंजोवाल्यांनी आपल्या पिकअपचा रोध मल्टिमीटरवर मोजून आम्हाला कळवा, कारण त्यावर पहिल्या रेझिस्टरचं मूल्य ठरवायचं आहे.

जय भीम!